डेल्कोवरची खूण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढेही तोंडातून काढलं नाही — त्याला ठाऊक असणारच, म्हणून तिथं गप्प बसणं सोपं जातं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. आणि पेणमधले जे ओळखतात त्यांनीही वाचावं. नाक्यावरचा बाबू मिस्त्री तो मीच.

माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं, लिहायला वेळ लागतो. पण इंजिनाच्या बाबतीत मी कुणापुढे मान खाली घातली नाही. लोक म्हणायचे, मिस्त्री डोळ्यानं नाही, कानानं गाडी बघतो. ते खरंच होतं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि सांगायचं, दोन नंबरचा टॅपेट सैल आहे. उघडलं की तसंच निघायचं. एकदा एक शिकलेला इंजिनियर माझ्यापुढे वही घेऊन बसला होता. मी बोलत होतो, तो लिहून घेत होता. त्या दिवशी मला भूकच लागली नाही.

ही फुशारकी आहे का? असेल थोडी. पण हा कान कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आता नामदेवचं सांगतो. नाही — टाळत होतो, तेच बरं होतं. पण सांगतो.

नामदेव आणि मी जित्याजवळच्या एकाच गावचे. पेणला बरोबर आलो. मी गॅरेजात लागलो, तो हायवेवरच्या एका पेट्रोल पंपावर. तो सातवी शिकलेला. स्पेअर पार्टच्या खोक्यांवरचं इंग्रजी मला तोच वाचून द्यायचा. चारचौघांत नाही — खोकं घेऊन मी पंपाच्या मागे जायचो, तो हळू आवाजात वाचायचा, मी पाठ करायचो. मग गिऱ्हाइकासमोर खोकं हातात धरून वाचल्यासारखं म्हणून दाखवायचो. कितीतरी वर्षं हे चाललं. नामदेवनं त्याची कधी चेष्टासुद्धा केली नाही.

तेव्हा पेट्रोल दोन नंबरांचं मिळायचं. साधं ते सत्त्याऐंशी, आणि भारी ते त्र्याण्णव. नंबर मोठा म्हणजे ते पेट्रोल दाब जास्त सोसतं, ठिणगी पडायच्या आधीच आपलं आपण भडकत नाही. नामदेवच्या पंपावर दोन्ही मिळायचं, दोन्हींच्या टाक्या वेगळ्या. टँकर आला की कुठलं कुठल्या टाकीत उतरवायचं हे काम त्याचं. त्यात त्याची एकदाही चूक झालेली मला माहीत नाही.

त्या साली रोह्याजवळच्या अष्टमी गावचा नझीर सुट्टीवर आला. कुवेतला नोकरी, लग्न ठरलेलं, आणि मुंबईत कुणाकडून तरी घेतलेली दोन दरवाजांची लाल परदेशी गाडी. जमिनीला टेकलेली, बसताना पाठ मोडायची. मला म्हणाला, "चाचा, गाडी देखणी हाय, पण पिकअप म्हातारीचा. निकाहाच्या आधी हिला जवान करा." मला काय पाहिजे होतं अजून? तसली गाडी पेणमध्ये दुसऱ्या कुणी उघडली नव्हती. मी पनवेलच्या लेथवरून इंजिनाचा हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून आणला, म्हणजे आतला दाब वाढला. पेट्रोल जास्त यावं म्हणून कार्बोरेटरला मोठे जेट बसवले. नझीरला बजावलं, आता हिला फक्त त्र्याण्णव पाजायचं. तो नामदेवकडे भरायला लागला.

राहिलं टायमिंग. ठिणगी कधी पडायची ते डेल्को ठरवतो. डेल्को थोडा पुढे फिरवला की ठिणगी लवकर पडते, गाडी उडते. जास्त फिरवला की इंजिन आतून ठोके खातं, आणि कितीही चांगलं पेट्रोल घाला, ते वाचवू शकत नाही. ठोक्यांचा आवाज बारीक असतो, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा. माझी रीत ठरलेली. कंपनीच्या मूळ जागेवर छिन्नीनं खूण करायची. मग गाडी चढावर न्यायची, वरच्या गियरमध्ये पूर्ण दाबायची. उतरून डेल्को जरा पुढे, परत चढ. तो बारीक आवाज आला की केसभर मागे. बस. कुठलंही मीटर नाही.

आणि इथंच — कसं लिहू?

त्याच्या आदल्या पावसाळ्यात एकदा तिन्हीसांजेला ओटीवर बसलो होतो. बायकोला म्हटलं, आवंदा रातकिडे नाहीसे झाले वाटतं. ती हसली. "अहो, कान फुटतील एवढे किरकिरतायत." मी उठलो. आत गेलो, घड्याळ कानाला लावलं. डाव्या, मग उजव्या. काटा फिरताना दिसत होता.

मला माहीत होतं. हे तुम्ही नीट लक्षात घ्या. माणसांचं बोलणं ऐकू येत होतं, इंजिनाची घरघर ऐकू येत होती, पण बारीक तेवढं गेलं होतं. ते कुणाला सांगितलं असतं तर माझ्याकडे उरलं काय असतं? चौथी?

नझीरला शेजारी बसवून मी गाडी सुकेळीच्या चढावर नेली. दाबली. आवाज नाही. उतरलो, डेल्को पुढे. परत वर. आवाज नाही. अजून पुढे. गाडी अशी झेपावत होती की मला वाटलं, काय हात आहे आपला. चौथ्या खेपेला नझीर म्हणाला, "चाचा, खिळं वाजल्यासारखं वाजतंय काय तरी."

मी म्हणालो, "टॅपेट हाय तो. तू तुझी नोकरी कर, माझ्या कानाला शिकवू नकोस."

तो ओशाळला. सॉरी म्हणाला. माझ्या पोराच्या वयाचा मुलगा, त्याच्या गाडीत, खरं ते बोलून मला सॉरी म्हणाला.

दोन दिवसांनी त्यानं नामदेवकडे टाकी भरली आणि रोह्याला निघाला. सुकेळीलाच गाडी धूर ओकून बंद पडली. ट्रकला बांधून माझ्या दारात आणली. धूर कुठून आला एवढं ऐकल्यावरच मला कळलं की पिस्टनला भोक पडलंय. का पडलं तेही कळलं.

नझीर आणि त्याच्याबरोबर आलेला त्याच्या बहिणीचा नवरा समोरच्या हॉटेलात जेवायला गेले. दुपारची वेळ, नाक्यावर कुणी नव्हतं. मी बॉनेट उघडलं, तेरा-चौदाचा पाना घेतला, डेल्कोचा बोल्ट सैल केला आणि डेल्को मागे फिरवून छिन्नीच्या खुणेवर आणून ठेवला. बोल्ट आवळला. पाना पुसून जागेवर लावला. मोजून दोन मिनिटं लागली असतील. मग चहा प्यालो.

ते आले तेव्हा नाक्यावरचे चारपाच जण जमले होते. सगळ्यांसमोर हेड उतरवला. पिस्टनला बोट जाईल एवढं भोक, प्लगच्या तोंडावर वितळलेले बारीक दाणे. नझीर म्हणाला, "चाचा, कशानं झालं?" मी म्हणालो, टायमिंग बघून घ्या सगळ्यांनी, खुणेवर आहे. सगळ्यांनी वाकून बघितलं. खूण मूळ जागेची आहे हे नझीरला ठाऊक नव्हतं; मी शेवटी बसवली ती जागा हीच, असं त्यानं धरलं. मग मी पिस्टन नाकाशी नेला आणि म्हणालो, पेट्रोल.

पिस्टन हुंगून पेट्रोलचा नंबर कळत नाही. जगात कुणाला कळत नाही. पण मी बाबू मिस्त्री होतो, कुणी विचारलं नाही.

नामदेव तासाभरात आला. हातात शिशी आणि टिपकागदाचा गठ्ठा. पंपावर भेसळ तपासायची रीत होती ती — कागदावर थेंब टाकायचा, उडून गेला आणि डाग राहिला नाही तर पेट्रोल शुद्ध. त्यानं सगळ्यांसमोर थेंब टाकला. उडाला. दुसरा टाकला. उडाला. कागद कोरा.

"बघ बाबू," तो म्हणाला. "आता तूच सांग ह्यांना."

माझ्याकडे बघत होता तो. भांडायला आला नव्हता. मी बाजूनं बोलेन असं धरूनच आला होता. आणि मी म्हणालो, "कागदावर रॉकेल दिसतं, नामदेव. नंबर दिसत नाय. टँकर उतरवताना साधं गेलं असंल त्र्याण्णवच्या टाकीत."

हे कुठल्याच कागदानं खोडता येत नव्हतं. म्हणून तर मी ते निवडलं. त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

त्याची चूक झाली असेल, एवढंच मी म्हणालो होतो. पुढे मनाची समजूत घातली की चोरी हा शब्द माझा नाही, लोकांचा. टॅक्सीवाले म्हणायला लागले, नामदेव साधं भरून भारीचे पैसे खातो. पंपावर गाडी लावून त्याला विचारायचे, "काय रे, आज कुठलं पाजतोस?" मी गॅरेजात बसून ऐकायचो. हे ऐकायला येत होतं मला. पंपाच्या शेठनं आधी त्याला पेट्रोलच्या नळीवरून काढून गाड्या धुवायला लावलं. मग तेही बंद केलं.

त्याची बायको हिरा एकदा माझ्याकडे आली. गॅरेजच्या पायरीवर उभी राहिली, आत आली नाही. "भावजी, ते जेवत नाय हो. नुसते हात हुंगत बसतात. तुमचा शब्द शेठ मोडायचा नाय. एवढंच सांगा, नक्की ठावं नाय म्हणून."

नक्की ठाऊक नाही — एवढंच. ती मला खरं बोलायलासुद्धा सांगत नव्हती.

मी म्हणालो, "वहिनी, इंजिन खोटं बोलत नाय."

ती गेली. महिन्याभरात त्यांनी बिऱ्हाड हलवलं. रोह्याला एका केमिकल कंपनीत नामदेव वॉचमन म्हणून लागला. नझीर ती गाडी भंगाराच्या भावात देऊन कुवेतला गेला. जाताना मला नवं घड्याळ देऊन गेला, मेहनत केलीत म्हणून. ते मी वापरलं. बरीच वर्षं वापरलं.

माझं काम कमी झालं नाही, उलट वाढलं. पेट्रोलसुद्धा ओळखतो म्हणून. बारीक कामाच्या गाड्या मी हळूहळू घेणं सोडलं, म्हणायचो आता ट्रकच बरे. कुणाला शंका आली नाही.

खूप वर्षांनी एका साखरपुड्याला रोह्याला गेलो होतो. तोवर मुलानं कानाचं मशीन आणून दिलं होतं, आणि ते मी लाजेनं खिशात ठेवायचो. अष्टमीच्या पुलावर समोरून नामदेव आला. खाकी कपडे, डबा हातात, शिफ्टला निघालेला. थांबला. काहीतरी बोलला. वाहनांचा गोंगाट होता, मला एक अक्षर कळलं नाही. खिशात हात घालून मशीन काढायचं, कानात अडकवायचं — त्याच्यासमोर? ते मला जमलं नाही. मी मान हलवली. व्हय, व्हय म्हणालो.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या कानाकडे. पुन्हा माझ्याकडे. नंतर डबा दुसऱ्या हातात घेतला आणि चालायला लागला.

त्यानं काय विचारलं होतं? मी कशाला व्हय म्हणालो? शिवी दिली असेल तर ठीक आहे. पण चौकशी केली असेल तर — बरा आहेस ना, असं विचारलं असेल तर? त्याचा स्वभाव तसाच होता.

नामदेव गेल्या श्रावणात गेला. दहाव्याला मी गेलो होतो. माझ्या शेजारी बसलेला गावचा एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता, माणूस चांगला, पण पंपावर असताना हात मारायचा. मशीन कानात होतं. सगळं नीट ऐकू आलं. मी खाली बघत बसलो, जेवलो, हात धुतले आणि एस.टी. पकडून घरी आलो.

हिरावहिनी रोह्याला आहेत. त्यांना वाचता येत नाही, त्यांची नात कॉलेजात आहे, ती वाचून दाखवील. तिनं मोठ्यानं वाचावं म्हणून पुढचं सुटं सुटं लिहितो.

नझीरच्या गाडीत नामदेवनं भरलं ते पेट्रोल त्र्याण्णवचंच होतं. टँकर त्यानं बरोबर उतरवला होता. त्यानं एक थेंबही इकडचा तिकडे केला नाही. इंजिन मी फोडलं, आणि दुपारी सगळे जेवायला गेले असताना डेल्को मी मागे फिरवला.