शंभर ग्रॅमचा न्याय

माझे थोरले दीर चौतीस वर्षं गोदामातल्या वजनकाट्यावर होते. पोत्यात काय आहे ही पंचाईत करायची नाही. आकडा लिहायचा, पुढचं पोतं घ्यायचं. निवृत्तीनंतर पोती गेली आणि तावडीत बायको सापडली.

जाऊबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. वॉकर सोडून आपल्या पायांनी जिना उतरावा, एवढीच त्यांची इच्छा. डॉक्टर म्हणाले, ‘वजन चाळीस आहे. महिन्याभरात त्रेचाळीस करून आणा, मग तारीख देतो.’

झालं. भाऊजींनी कुठूनसा कॅलरींचा तक्ता आणून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. शंभर ग्रॅम बदाम, पाचशे ऐंशी. शंभर ग्रॅम पालक, तेवीस.

“बघ,” बदाम जणू यांनीच शोधून काढला अशा थाटात ते मला म्हणाले, “शंभर ग्रॅम बदामाच्या बरोबरीला अडीच किलो पालक लागतो. भाजी म्हणजे हिरवं पाणी. आम्ही बंद केली.”

आम्ही म्हणजे ते एकटे.

“पण भाऊजी, या वयात एवढे बदाम पचणार कसे?”

“कॉलेजात शिकलीस ना? मग आकडे तरी वाच.”

वाचले होते. त्यात कवळीचा रकाना नव्हता आणि पोट साफ होण्याचाही नव्हता. पण अर्धवट शहाण्याच्या हाती तक्ता लागला की तो ब्रह्मदेवाचंही ऐकत नाही.

सकाळी बदाम, दुपारी अक्रोड, संध्याकाळी काजू, सगळं वजन करून वाटीत. गाजर, भोपळा, दुधी यांना घरबंदी. जाऊबाई कवळीनं एकेक बदाम दळत बसायच्या. आठवड्यात पोटाचा दगड झाला, भूक मेली, साधं जेवणही जाईना. एकदा मी त्यांच्याकडे जाऊन चादर बदलत होते, तर उशीच्या अभ्र्यातून मूठभर बदाम माझ्या पायांवर पडले.

“त्यांना सांगू नकोस गं,” त्या म्हणाल्या. “बदाम परवडले, भाषण नको.”

आणि हे महाशय वहीत कॅलरी मांडत होते. वाटीतल्या. पोटात किती गेल्या, हे विचारायला बायकोशी बोलावं लागलं असतं.

महिन्यानं मीही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. जाऊबाई उभ्या राहिल्या, काटा साडेअडतीसवर थांबला.

“काटा खोटा आहे,” भाऊजी म्हणाले. “माझा जन्म काट्यावर गेलाय.”

“मग काका, तुम्हीच उभे राहा,” नर्स म्हणाली.

राहिले. अठ्ठ्याऐंशी. घरी जेवढं भरतं तेवढंच. खाली उतरले.

डॉक्टरांनी जाऊबाईंना विचारलं, “खाता काय?”

“बदाम.”

“आणि?”

“आणि बोलणी.”

ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं. सगळं साधं जेवण, मऊ भाज्या, झेपेल तेवढंच, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. माणसाला लाज असती तर तो कागद नीट वाचला असता. भाऊजी दवाखान्याच्या फाटकाशी येईपर्यंत सावरलेसुद्धा.

“बदामच हलके लागले असणार. उद्यापासून पिस्ते.”

जाऊबाईंनी वॉकर वळवला आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, पिस्ते तुम्ही खा. मी महिनाभर हिच्याकडे राहते.”

“तिथे तुझ्या कॅलरी कोण मोजणार?”

“कुणी नाही,” त्या म्हणाल्या, आणि मला विचारलं, “घरी भोपळा आहे ना गं?”

“आहे.”

“मऊ शिजव. आणि दोघींपुरता कर. मला आज भूक लागलीय.”