जयवंताबाईंनी सोडलेली गोष्ट

चातुर्मासात एक गोष्ट सोडायची, ही आमच्या घरांतली जुनी रीत. कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा, कोणी चहा. कार्तिकात ती वस्तू आधी दान द्यायची, मग स्वतः खायची. अंबरपेठेच्या जयवंताबाईंनी त्या वर्षी जे सोडलं, ते कुठल्या बाजारात मिळणारं नव्हतं.

बाई मूळच्या उदगीरकडच्या, शेतकऱ्याघरच्या. लग्न होऊन हैदराबादेत आल्या. नवऱ्याचं, एकनाथरावांचं, डाळींचं दुकान. नीट वाचायला बाई चाळिशीत शिकल्या, तेही पोथी वाचता यावी म्हणून. कित्येक वर्षं एकट्याच वाचत होत्या. मग नल्लकुंट्याच्या मराठी मंडळाच्या हॉलात दुपारी आम्हा बायकांना शिकवू लागल्या. आम्ही तोंडली चिरत ऐकायचो. बाईंचा नियम एकच होता : "जे माझ्या घरात चाललं नाही, ते मी तुम्हाला शिकवणार नाही." रागावरच्या अध्यायाला त्यामुळे अख्खा उन्हाळा गेला. दुकानातल्या हमालावर ओरडणं एकनाथरावांचं सुटेना आणि एकनाथरावांवर ओरडणं बाईंचं.

तेव्हा शहरात जिकडेतिकडे कॉम्प्युटरची ऑफिसं उघडत होती. बाईंची सून तेजश्री एका ऑफिसात लागली होती. संध्याकाळी येऊन ती सासऱ्यांना आणि नवऱ्याला, प्रशांतला, गरम पोळ्या करून वाढायची. ते उठले की सासू-सुना कढई पुसून जेवायच्या.

पोथीत त्या दिवसांत बाई अडल्या होत्या त्या जागी असं होतं, की देव प्रत्येकाच्या पोटात अग्नी होऊन बसलाय. एका संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं, "तुझ्या पोटात बसलाय का गं तो?"

"बसलाय की, आत्या. पण ताटकळत बसलाय."

चातुर्मास लागला तसं बाईंनी जाहीर केलं, "यंदा मी सगळ्यांच्या मागून जेवणं सोडलं." चार ताटं मांडली, भांडी मधे ठेवली आणि सुनेला शेजारी बसवलं.

"मग वाढणार कोण?" एकनाथराव.

"हात सगळ्यांनाच दिलेत देवानं."

"ये क्या तमाशा है? लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलवा. त्यांचंही ताट मांडते."

प्रशांतनं मुकाट्यानं भात वाढून घेतला. एकनाथराव ताटावरून उठले. दोन दिवस इराण्याच्या हॉटेलात चहाबिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं, तेव्हा आले आणि तोंड फिरवून जेवले.

महिनाभर घरात चालल्यावर बाईंनी ते आम्हाला शिकवलं. कुणी ऐकून सोडून दिलं, कुणी घरी करून पाहिलं. शोभानं केलं, आणि नेमका तिचा नवरा नामदेवराव मंडळाचा सेक्रेटरी. तो दुसऱ्याच दिवशी वर्गात आला.

"काकू, पोथी शिकवायची तर पोथी शिकवा. आमच्या स्वयंपाकघरात कशाला शिरता? हे बंद असं या सगळ्यांना सांगा, नाहीतर हॉल मिळायचा नाही."

आमचे हात थांबले. उन्हापावसात बसायला दुसरी जागा नव्हती आणि एवढ्या वर्षांचा वर्ग मोडणार हे दिसत होतं. बाईंनी कमरेची हॉलची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

"शिरले नाही रे, बाबा. पहिल्यापासून तिथंच आहे. पोथी मला तिथंच वाचावी लागते."

मग आम्ही बाईंच्या गच्चीवर बसू लागलो. सर आली की जिन्यात. निम्म्या बायका गळाल्या. बाई उरलेल्यांना शिकवत राहिल्या.

कार्तिकातली द्वादशी आली. गच्चीवर समाप्तीचं जेवण होतं. कुणी दानाला वांगी आणली, कुणी कांदे. एकनाथराव नवं धोतर नेसून वर आले. नामदेवरावालाही त्यांनीच बोलावलं होतं.

"चला, संपलं एकदाचं," ते म्हणाले. "उद्यापासून घर पहिल्यासारखं."

"सोडलेली वस्तू आधी दान द्यावी लागते," बाई म्हणाल्या.

"मग दे की. कुणी अडवलंय?"

"कुणाला देऊ?"

"घरात मोठा कोण? मीच ना? मला दे." त्यांनी ऐटीत हात पुढे केला.

बाईंनी त्या हातावर पळीभर पाणी सोडलं. "घ्या. सगळ्यांच्या मागून जेवणं मी तुम्हाला दिलं."

आधी तेजश्री हसली, मग शोभा, मग सगळी गच्ची. नामदेवराव चप्पल शोधू लागला. "दिलेलं दान परत करता येत नाही, मामा," तेजश्री म्हणाली. एकनाथराव हात झटकत तरातरा खाली गेले. बाईंनी कुणाला त्यांच्या मागे जाऊ दिलं नाही. पंगत बसली. आम्ही एकमेकींना वाढत पोटभर जेवलो.

आमची ताटं उचलून झाली तेव्हा ते वर आले. भूक कुणाला सुटत नाही. त्यांनी स्वतःच भात घेतला, कढईत डोकावले.

"भाजी उरली नाही?"

"शेवटच्याला उरत नाही," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मलाही उरत नव्हती."

ते खाली बघून आमटीभात कालवू लागले. बाईंनी पोथी फडक्यात बांधली.

"उद्या पुढचा अध्याय. येताना तोंडली आणा गं, जास्त आणा."