कॅमेऱ्याच्या पोटातली टिकली

आश्विनातल्या उन्हाला झेंडूचा वास असतो. खंडेनवमीला पिरंगुटच्या कारखान्यांतली यंत्रं आणि शहराकडे निघालेल्या बसगाड्यांची तोंडं पिवळ्या माळांनी भरून जातात, आणि तो वास वंगणात मिसळून, घाटरस्ता चढून, धरणाच्या पाण्यावरून थेट आमच्या ओसरीवर येतो. निदान मला तरी येतो. नाक म्हातारं झालं की कल्पक होतं.

यंदा त्या सकाळी पाटावर विळी, कोयता, शिवणाची कात्री आणि माझा जुना कॅमेरा मांडून मी हळद कालवत होते, तोच फोन वाजला. स्कॉटलंडला छायाचित्रण शिकायला गेलेली माझी नात, ऋता. समुद्रकड्यावर पाय घसरून तिचा कॅमेरा खडकावर आपटला होता. भिंग एकाच जागी अडकून बसलं होतं. हातभर अंतरावरचं तेवढं स्वच्छ, त्यापलीकडे सगळं धुकं. आणि सत्र संपताना दाखवायची चित्रं तर अजून काढायचीच होती.

"आजी, मी सोडते हे सगळं. परत येऊन तिथेच लवळ्याला एखादा कोर्स करीन."

"ये की," मी म्हणाले. "पण आधी माझ्या मूर्खपणाची गोष्ट ऐक. तुझा त्याहून मोठा निघाला, तर तिकीट मी काढते."

त्याच देशात, तिच्याच वयाची असताना, एक मुलगी हेच शिकायला गेली होती. तिला 'मी' म्हणायला जीभ रेटत नाही. वादळाचे, उधळलेल्या घोड्यांचे, कोसळत्या लाटांचे फोटो काढून जगाला थक्क करण्याचा तिचा बेत होता, आणि जगाला त्याची काहीच कल्पना नव्हती. परदेशातल्या पहिल्या खंडेनवमीला, पानगळीच्या तांबूस उजेडात, तिनं खिडकीशी कॅमेरा पुजायला घेतला. पूजा वरवरची नको, म्हणून त्याचं मागचं दार उघडून आतही ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं आणि अक्षता वाहिल्या. दार लावलं. नमस्कार केला.

कॅमेऱ्याच्या पोटात जग उलटं उमटतं. त्यामुळे तळाशी कुंकवात चिकटून बसलेला तांदळाचा दाणा तिच्या प्रत्येक चित्रात वर आभाळात जाऊन बसला: काळा, टोकदार, पंख मिटल्यासारखा. शेवग्याच्या शेंगेसारख्या सडसडीत प्राध्यापकांनी विचारलं, हे काय? कन्या ताठ मानेनं म्हणाली, घार. त्यांनी पुढची चित्रं शांतपणे पाहिली आणि स्वयंपाकघराच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "फारच माणसाळलेली दिसते."

त्या अपमानाच्या भरात तिनं केसांतली पिन काढून दाणा उकरला. दाणा निघाला, पण प्रकाश अडवणाऱ्या नाजूक कापडी पडद्याला भोक पडलं. घार उडाली आणि चंद्र उगवला! भर दुपारी, मेंढरांच्या डोक्यावर, पांढराफटक पूर्णचंद्र. दुरुस्तीवाल्यानं मान हलवली; नवा पडदा मागवून येईतो सत्र उलटलं असतं. परत जावं, तर निघताना सगळ्या पौड गावभर मिरवून झालेलं. मग रडून, नाक पुसून, तिनं पाकिटातली सर्वांत लहान काळी टिकली काढली आणि श्वास रोखून पडद्याच्या भोकावर लावली.

टिकलीनं चंद्र मावळवला, पण पडदा लंगडत, हळू सरकू लागला. त्याला घाई सोसेना. घोडे, लाटा, वादळं या सगळ्यांची नुसती फरफट उमटे. जे स्वस्थ बसेल तेच चित्रात टिके. मग ती स्वस्थ बसणाऱ्यांच्या शोधात निघाली: ओहोटीत कलंडलेल्या होड्या, बाकावर ऊन खाणारे म्हातारे, बटाटे सोलता सोलता हात थबकलेली घरमालकीण. तोवर त्या गावात एवढी माणसं आहेत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग पहिली आलीस?" ऋतानं विचारलं.

"कसली पहिली? काठावर पास. बरं, तुझ्या त्या हातभर अंतरात काय काय मावतंय, ते सांग."

ती म्हणाली, "आजी, नंतर बोलते."

फोन ठेवून मी कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं. पडद्यावर टिकली अजून होती, कडेनं जराशी सुटलेली. कुंपणापलीकडे शेरडं चारणाऱ्या धोंडाबाईनं, जिला ही कथा दर खंडेनवमीला ऐकावी लागते, तिथूनच हाक घातली, "आजी, त्याला फूल वहा खुशाल. पर अक्षता लांबनंच टाका हां!"

"व्हय गं बाई!" म्हणत मी दार लावून घेतलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी धरणाचं पाणी सोन्याच्या पानासारखं निपचित पडलं असताना ऋताचा फोटो आला. पावावर लोणी फासणारा एक सुरकुतलेला हात, इतका जवळ की नखांवरच्या रेघा मोजाव्यात. मागे खिडकी, खिडकीत पुसट आभाळ. खाली लिहिलं होतं: 'येण्याचं अजून ठरत नाहीये. हा हात संपल्यावर बघू.'

मी फोटो डोळ्यांजवळ नेला. त्या पुसट आभाळात, अगदी वरच्या कोपऱ्यात, एक काळा टोकदार ठिपका होता. चष्मा पदरानं पुसून पुन्हा पाहिलं, ठिपका तिथेच. धूळ असेल, पक्षी असेल. की कार्टीनं मुद्दाम...? विचारायला फोन उचलला आणि ठेवून दिला. त्या आभाळाकडे बघत मात्र अंधार पडेपर्यंत बसून राहिले.