गळ्यातली थोरली

बनाबाईच्या गळ्यात तिची सवत होती. म्हणजे सवतीचा टाक. पहिली बायको वारली की दुसरीनं तिची नखाएवढी चांदीची मूर्ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची, अशी रीत. सणाला आधी तिला नैवेद्य, नवं लुगडं आधी तिच्यापुढं ठेवायचं, मग आपण नेसायचं. नाहीतर ती रागावते म्हणे.

बनाबाईनं ही रीत अशी पाळली की सख्ख्या सासूचं कुणी एवढं केलं नसेल. देऊळगाव राजाजवळ नवरा जानराव याचा भाजीचा मळा. मळ्यात शेजार ना पाजार. एकोणीस वर्षांची पोर बोलणार कुणाशी? टाकाशी बोलायची. नवरा घोरतो कसा, वांग्याला कीड लागली, सगळं थोरलीच्या कानावर. जानराव हात उगारायला गेला की ही टाक पुढं धरायची, "थोरली बघून राह्यलीय हां!" आणि काय नवल, तो गडी हात खाली घ्यायचा. थोरलीत दैवत आहे, असं बनाबाईला पक्कं वाटायचं. आता त्याचा हात का खाली यायचा, ते पुढं कळेलच.

नवं मराठी राज्य झालं त्या साली आश्विनात बालाजीची जत्रा भरली. बनाबाई गोणपाटावर वांगी मांडून बसली होती. एक उंचीपुरी बाई आली, वांगं दाबून पाहू लागली.

"हे तं निबर हाये वं."

"निबर? थोरलीची आण! सकाळीच तोडलेत." बनाबाईनं टाकाला हात लावला. "माझ्या तानाबाईची खोटी शपथ मी घेत नाय."

"कोन तानाबाई?"

"माझी सवत. पिंपळगाव राजाला माहेरी गेली ती पटकीनं गेली बिचारी. दीड वरीस झालं."

ती बाई मटकन वांग्यांवरच बसली.

"माय वं! मी मेली कवा?"

तर असा तो प्रकार. दोन वर्षांमागं भाजीत मीठ कमी म्हणून जानरावानं ताट भिरकावलं होतं. तानाबाईनं ते ताट उचललं, विसळलं, जागेवर ठेवलं आणि माहेरची वाट धरली. न्यायला जायचं तर माफी मागावी लागणार. त्यापेक्षा बायको मेली म्हणणं त्या बहाद्दराला सोपं वाटलं! थोरलीचं नाव निघालं की त्याचा हात खाली यायचा, तो हे खोटं उघडं पडण्याच्या भीतीनं. आता ती पिंपळगावच्या महिला मंडळात शिवण शिकवायची आणि मंडळाच्या बायकांबरोबर एस्टीनं जत्रेला आली होती.

बनाबाईला हसावं की रडावं कळेना. जिला सणासुदीला नैवेद्य दाखवला ती समोर बसून वांगी चेंगरत होती. तेवढ्यात जानराव मेथीची टोपली डोक्यावर घेऊन आला. थोरलीला पाहिली आणि टोपली डोक्यावरून घसरली.

"तानी... तू..."

"मेली ना मी? तेरावं केलं का नाही माहं?"

"केलं..."

"सैपाक काय केल्ता?"

"बुंदी... वरण... भाजी."

"भाजीत मीठ बराबर होतं ना?"

बघे खो खो हसले. मग मात्र न्यायनिवाड्याला बसल्यासारखे बोलू लागले. गावचे महादेवराव पाटील म्हणाले, "त्यात काय एवढं? आमच्या आज्याला तिघी होत्या. दोघी नांदा गुण्यागोविंदानं."

मंडळाची ग्रामसेविका सिंधूताई पुढं झाली. "आज्याचा जमाना गेला, पाटील. पहिली जिवंत असताना केलेलं लग्न आता लग्नच नाही. ह्या पोरीला कायद्यानं नवराच नाही. आणि तानाबाई फिर्याद करतील तर जानराव तुरुंगात."

जानरावाला घाम फुटला. पण बनाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. काल नवऱ्याची बायको होती. आज बायको नाही, विधवा नाही, कुमारीही नाही. बाप दारात उभी करणार नाही. ती रडत म्हणाली, "मंग मी कोणाची कोण?"

तानाबाईनं विचारलं, "तुले काय वाटते? राह्यतं का याच्यापाशी?"

तुला काय वाटतं, असं जन्मात तिला कुणी विचारलं नव्हतं. बनाबाईनं डोळे पुसले, तराजू गुंडाळला. "एस्टीत जागा हाय का?"

"बने! भाजी कोण विकंल?" जानराव ओरडला.

"तुमी विका," तानाबाई म्हणाली. "माही शपथ तेवढी घालू नका."

पिंपळगावात दोघींचा संसार लागला. जित्या माणसाचा टाक घालू नये म्हणून तानाबाईनं तो काढून चुलीवरच्या खुंटीला अडकवला. थोरलीशी भांडण झालं की बनाबाई खुंटीपाशी जाऊन थोरलीचीच चुगली करायची. "ही तुझ्यासारखी नाय बघ. लय खडूस हाय."

आतून आवाज यायचा, "आयकून राह्यली मी!"

पुढच्या फेब्रुवारीत शिरगणती आली. शालिग्राम गुरुजी मोठा कागद पसरून ओसरीवर बसले. कुटुंबप्रमुख तानाबाई, हे त्यांनी लिहिलं. मग बनाबाईकडं पाहिलं. "आणि ही? प्रमुखाशी नातं काय?"

पुन्हा तोच प्रश्न, आणि आता तर सरकारी कागदावर. तानाबाई मुद्दाम सुईत दोरा ओवत बसली.

गुरुजींना दया आली. "बहीण लिहितो."

"बहीण कशाला?" बनाबाई म्हणाली. "मी सवत हाय तिची. सवत लिवा."

"अहो बाई, सवत कशी लिहू? घरात नवरा कुठं आहे?"

"नवरा ऱ्हायला तिकडं. सवत माझी हाय, मी निवडलीय."

गुरुजींनी तानाबाईकडं पाहिलं.

"लिवा ना, गुरुजी," ती दोरा दातानं तोडत म्हणाली. "आन् च्या घेऊन जा. मीठ नाही टाकत त्यात."