एक हात मोकळा
आमच्या ऑफिसातल्या शुभदाताई दुसऱ्याने लिहिलेला कॉम्प्युटरचा कोड मोठ्याने वाचतात आणि त्यातल्या प्रत्येक अटीला एक बोट मिटतात. एका वेळी किती लक्षात ठेवावं लागतं, त्याचं हे त्यांचं माप. परवा माझं एक फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, वाचताना त्यांच्या दोन्ही मुठी मिटल्या.

"अरे, आता चहा कुठल्या हाताने पिऊ?" त्या म्हणाल्या. टेबलावरचा त्यांचा चहा निवून गेला होता.

मला रागच आला. चालतोय ना कोड! पण तो निवलेला चहा काही डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी त्या फंक्शनची चार छोटी फंक्शनं केली, प्रत्येकाला सरळ नाव दिलं. आपलं लिहिलेलं वाचताना माणसाचा एक हात तरी मोकळा राहावा.

आज ताईंनी पुन्हा वाचलं. एका वेळी दोन-तीनच बोटं मिटली. दुसऱ्या हाताने त्यांनी कप उचलला आणि वाचता वाचताच फुंकर घातली.