पांढरी चार आणि काळी तीनच्या मधे

आमच्या दाजींइतका बारीक कान अख्ख्या धुळे-जळगावात दुसरा नसेल, आणि त्या कानाने आम्हा सासरच्या मंडळींना जेवढा ताप दिलाय तेवढा खानदेशातल्या मे महिन्यानेही दिलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धुळ्याच्या एका आयटीआयमध्ये उभा जन्म त्यांनी फिटरच्या पोरांना लोखंड घासायला शिकवलं. हातात सदैव कानस. ‘आधी कान, मग कानस,’ हे त्यांचं ब्रीद. पोरांना वाटायचं, सर कोटी करतायत. कसली कोटी! पाठमोरे उभे राहून, नुसत्या घासण्याच्या आवाजावरून ते सांगायचे, ‘तिसऱ्या टेबलवाल्या, केसभर जास्त घासलंस.’ आणि ते खरं निघायचं.

अक्काला बघायला आले तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, यातलं काही विचारलं नाही. अक्का विहारात वंदनेला गाते, भीमगीतं म्हणते, एवढं त्यांनी ऐकलेलं. मान खाली घालून म्हणाले, ‘एक सा होऊ द्या.’ आमचे आबा कानाने जरा मंद. ते आत ओरडले, ‘पाव्हनासले आखो एक चा आन वं!’ चहा आला. दाजींनी बिचाऱ्यांनी तो प्यायला आणि पुन्हा म्हणाले, ‘सा होऊ द्या ना एक.’ परत चहा. तिसऱ्या कपाला अक्का दाराआड हसून हसून बेजार झाली आणि तिथूनच तिने सा लावला. दाजींनी कप खाली ठेवला आणि उठून उभे राहिले. लग्न त्याच वेळी ठरलं, बाकीची बोलणी मग नावाला झाली.

माझं जळगावला नळ-पाइपांचं दुकान आहे. एकदा मी जेवायला घरी गेलो आणि दुकान दाजींच्या भरवशावर सोडलं. ही चूक दुसरं कुणी करणार नाही! परत येऊन बघतो तर पाहुण्यांनी प्रत्येक पाइप पान्ह्याने वाजवून पाहिलेला आणि सगळे पाइप मापाऐवजी सुरांप्रमाणे लावून ठेवलेले. आठवडाभर गिऱ्हाईक अर्धा इंची मागायचं आणि मी कोमल धैवताच्या मागे हात घालून शोधत बसायचो. धुळ्याला त्यांच्या घरी तर उन्हाळ्यात जाऊच नये. बाहेर डांबर वितळतंय आणि पंखा कायम तीनवर! का? तर तीनवर तो खर्जातला पंचम धरतो, पाचवर ठेवला की बेसूर होतो. ‘दाजी, घाम बेसूर चालतो का हो?’ मी एकदा चिडून विचारलं. ‘घामाला आवाज नसतो,’ ते शांतपणे म्हणाले.

पण त्यांचं खरं वैर बाजाच्या पेटीच्या गंधाराशी. स्वतःची पेटी त्यांनी कधी घेतली नाही, विहाराची पेटीच त्यांच्याकडे मुक्कामाला असायची. मी एकदा जेवताना सहज विचारून बसलो, ‘पेटीचं एवढं बिघडलंय तरी काय?’ झालं! ताटातली कळण्याची भाकरी वर उचलून ते सुरू झाले. ‘या सा पासून वरच्या सा पर्यंत बारा सारखे वाटे केलेत बघ. सगळ्यांना समान! पण गंधाराच्या ताटात जरा जास्त पडलं आणि पंचमाच्या ताटात जरासं कमी. म्हणून एकाचंही पोट धड भरत नाही.’ मग उष्ट्या हाताची पर्वा न करता उठले, डाव्या हाताने सा आणि गंधार दाबले आणि भाता मारला. ‘ऐक, कसा थरथरतोय. वांव-वांव-वांव! ऐकू येतंय?’ मला पेटी ऐकू येत होती. थरथर कुठली आणि काय कुठलं! ‘मग सुधारा की गंधार,’ मी म्हणालो. दाजींचा चेहरा पडला. ‘सुधारता येतो रे. सगळे सूर अगदी जिथल्या तिथे बसवता येतात. पण मग ती पेटी एकाच सा ची होते. दुसऱ्याने आपला सा धरून गायला घेतलं की सगळीच बोंब.’

एकदा ही पेटी मांडीवर घेऊन ते एसटीने जळगावला येत होते. पारोळा सुटल्यावर उठले आणि पुढे जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, ‘भाऊ, तुमना हॉर्नना गंधार चढेल शे.’ ड्रायव्हर म्हणाला, ‘ब्रेक बरोबर शे ना? मंग बसा गुपचूप.’ एरंडोल येईपर्यंत दाजी दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते म्हणे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग अक्काचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. जिवावरचं टळलं, पण आवाज जाड झाला आणि खाली उतरला. काळी चारमध्ये गाणारी माझी बहीण पेटीशी बसली की प्रत्येक पट्टीला अडखळायची. वर घेतलं तर आवाज चिरकायचा, खाली घेतलं तर विरायचा. एके दिवशी तिने पेटीवर कापड टाकलं. ‘माना सूर आते पेटीमा नही,’ माझा सूर आता पेटीत नाही, एवढंच म्हणाली. विहारात वंदनेलाही नुसते ओठ हलवायला लागली. मला फार वाईट वाटायचं हो. लहानपणी तिच्या गाण्यावर मी झोपलोय.

दाजींनी तिला एका शब्दानेही आग्रह केला नाही. पण ती पीठ चाळताना, धुणं वाळत घालताना स्वतःशी गुणगुणायची, तेव्हा हा माणूस हातात पेपर धरून दाराआड उभा! एक दिवस भर दुपारी मला दुकानात फोन. ‘सापडला! सापडला रे!’ मला वाटलं, स्कूटरची किल्ली. ‘तिचा सा सापडला! पांढरी चार आणि काळी तीनच्या मधे!’ ‘मग दाबा की मधली पट्टी.’ ‘मधे पट्टीच नाही ना!’ एवढं ओरडून त्यांनी फोन ठेवला, आणि आवाजात असा आनंद की लॉटरी लागलेल्यालाही होत नसेल.

त्यानंतर महिनाभर दाजी आपल्या बारक्या कानशी घेऊन पेटीत डोकं घालून बसले. पेटीत पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांना रीड म्हणतात. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. सगळ्या रीड त्यांनी एकेक करून घासल्या.

भीमजयंतीच्या संध्याकाळी मी मुद्दाम धुळ्याला गेलो. विहारापुढे मांडव खच्चून भरलेला. गायन पार्टीचे म्होरके नाना, म्हातारे पण आवाज खणखणीत, काळी एकमध्ये गाणारे. दाजी पेटीवर. नानांनी तोंड उघडलं आणि पेटी अशी काही विव्हळली की पहिल्या रांगेतल्या पोरी खुदखुदल्या. नाना थांबले. ‘काय करी टाकं हाई? बठ्ठी पेटी बिघाडी टाकी!’

‘बिघडेल नही, नाना. आते लागेल शे.’ म्हणजे, आता कुठे सुरात लागलीय.

‘कोनले लागेल शे?’

दाजी नुसते बायकांच्या सतरंजीकडे बघत राहिले. नानांनी तिकडे पाहिलं. मग सगळ्या मांडवाने पाहिलं. अक्का मागच्या खांबाला टेकून बसलेली, तिने पदर तोंडाला लावला. नाना स्वतः उठले, तिच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, ‘ऊठ बेटा. हाई पेटी आमना कामनी नही राहिनी.’

अक्का आली. दाजींनी सा धरला. तिचा आवाज आधी कापला, इकडे गेला, तिकडे गेला, आणि मग बसला! आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण मला ऐकू आलं. ती वांव-वांव थांबलेली मला ऐकू आली! गंधारावर ती पोहोचली तेव्हा पेटी आणि बहीण वेगवेगळ्या उरल्याच नाहीत, सूर जागच्या जागी उभा राहिला. मी, आयुष्यभर पाइप विकलेला माणूस, भर मांडवात लहान पोरासारखा रडलो. अक्का एकामागून एक चार गाणी गायली. नाना मागे बसून टाळी देत होते.

विहाराने नंतर दुसरी पेटी घेतली. ही तुमच्याकडेच राहू द्या, असं नानांनीच सांगितलं. गेल्या महिन्यात मी धुळ्याला गेलो तेव्हा दाजी पुन्हा ती उघडून बसले होते. अक्काचा आवाज वर्षाला थोडा थोडा उतरतोय, आणि ते मागोमाग रीड घासत चाललेत. एक रीड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. बुडाशी कागदासारखी झाली होती.

‘दाजी, हे पितळ किती दिवस पुरणार?’ मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, ‘अगं, पाव्हणा आलाय. एक चा होऊ दे.’

आत भांडं वाजलं नाही. मग पडद्याआडून जाड, थोडासा कापरा, पण बरोब्बर सा आला. दाजींनी कानस खाली ठेवली आणि उठून उभे राहिले. त्या दिवशी मला चहा काही मिळाला नाही, आणि मीही मागितला नाही.