उरलेल्या गोळ्या

"मेटास्टेसिस आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बघून थांबले. भोरमध्ये माझं औषधांचं दुकान आहे हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे पुढचं मला कळेल असं त्यांनी गृहीत धरलं. सुनंदा, माझी बायको, शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं मला विचारलं, "म्हणजे काय हो?"

मेटास्टेसिस म्हणजे कॅन्सर मूळ जागा सोडून दुसरीकडं पसरणं. तिच्या स्तनात गाठ होती ती आम्हाला कळलीच नव्हती, आणि आता तो पाठीच्या मणक्यात पोचला होता. मी तिला म्हणालो, "पाठीत गाठ आहे. औषधं आहेत त्यावर." औषधं आहेत असं म्हणायची मला तीस वर्षांची सवय आहे.

त्याआधी दोन महिने तिची पाठ दुखत होती आणि मी तिला माझ्याच रॅकवरच्या वेदनाशामक गोळ्या देत होतो. गिऱ्हाईक सारखं तीच गोळी मागायला लागलं की मी त्याला बजावतो, आधी डॉक्टरला दाखवा. घरात मात्र बजावलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तुमच्या घरात कुणी औषधातलं असेल, तर त्याच्यावर जास्त विसंबू नका.

पुण्याला फेऱ्या सुरू झाल्या. रेडिएशन झालं, म्हणजे गाठीवर किरणांचा मारा. आपल्याकडं लोक त्याला शेक म्हणतात. दुखणं थोडं कमी झालं, पण गेलं नाही. तिला आडवं होता येईना. लोडाला टेकून बसल्या बसल्या डोळा लागेल तेवढीच तिची झोप. तिचं एवढंच मागणं होतं, एकदा कुशीवर नीट झोपायचंय.

त्या दिवसांत मी लोकांचा फार हेवा केला. एक मास्तर खोकल्याचं औषध न्यायला आले आणि दहा मिनिटं आपल्या खोकल्याचं वर्णन करत राहिले. मला त्यांच्या खोकल्याचा इतका मत्सर वाटला की मी बाटली काउंटरवर आपटली. ज्यांच्या बायका पायरी चढून स्वतः दुकानात येत, त्यांच्याशी तर मी तुटकच बोलायचो.

मग डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव काढलं.

मॉर्फिन अफूपासून होतं. ते अंमली पदार्थांच्या कायद्यात येतं. पूर्वी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे होते आणि एका हॉस्पिटलला ते ठेवायला अनेक परवाने लागायचे. काही वर्षांपूर्वी केंद्रानं कायदा बदलून नियम एकसारखे केले. आता राज्याच्या औषध प्रशासनानं ज्या संस्थेला मान्यता दिली आहे, तिथले खास प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर ते लिहून देऊ शकतात आणि तिथंच ते मिळतं. प्रत्येक गोळीची नोंद होते. उरलेल्या गोळ्या परत कराव्या लागतात. साध्या दुकानात ठेवायचं तर वेगळी परवानगी, वेगळं रजिस्टर, वेगळं कुलूप. आमच्या भागात कुणी त्या भानगडीत पडत नाही. मीही पडलो नव्हतो, आणि त्याचा मला अभिमान होता. कुणी चिठ्ठी घेऊन आलंच, तर मी चिठ्ठी पूर्ण न वाचताच मान हलवायचो. छतापर्यंत औषधं रचलेल्या माझ्या दुकानात माझ्या बायकोला लागणारं एक औषध नव्हतं.

पुण्यात जिथं शेक घेतला त्या हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअरचा विभाग होता. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार हटो न हटो, माणसाचा त्रास कमी करायचा, यावर भर देणारे उपचार. तिथल्या बाकावर आम्हाला बबनराव आणि त्यांची बायको पारूबाई भेटले. वेल्ह्याच्याही वरच्या अंगाचं गाव, भातशेती. पारूबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. त्या मांडी घालून बाकावर बसल्या होत्या आणि फडक्यातली भाकरी मोडून खात होत्या. सुनंदा त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"दुखत नाही तुम्हाला?" तिनं विचारलं.

"दुखायचं की लई. आता गोळी हाय," पारूबाई म्हणाल्या. "तुमीबी बसा मांडी घालून. म्हंजी, आज न्हाई. गोळी सुरू झाली की."

मला खरं सांगायचं तर राग आला. सुनंदाला पाय खाली सोडून नीट बसताही येत नव्हतं आणि ही बाई मांडी घालून जेवत होती. मी माझ्या मोबाईलमध्ये तोंड घातलं.

त्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनंदाला तपासलं आणि मला समजावलं. दर चार तासांनी एक गोळी. सकाळी सहा, दहा, दोन, सहा आणि झोपताना दहाला दोन, म्हणजे मधे उठावं लागत नाही. "दुखायची वाट बघू नका. घड्याळ बघा." दोन डोसांच्या मधेच जोराची कळ आली तर तिला ब्रेकथ्रू पेन म्हणतात, तशी कळ आली तर जास्तीची एक गोळी द्यायची, आणि ती कळ पेशंटनं सांगितल्याशिवाय कळत नाही. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. सवय लागेल का, हा प्रश्न मी विचारलाच. त्या म्हणाल्या, "दुखण्यासाठी सांगितल्या बेतानं घेतलं तर सहसा व्यसन लागत नाही. ती काळजी आमच्यावर सोपवा."

मी मान हलवली आणि मनात ठरवलं की बाई तरुण आहेत, जरा सढळ हातानं लिहितात.

परत येताना बबनराव आणि पारूबाईंना नसरापूरपर्यंत गाडीत घेतलं, कारण सुनंदानं त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. मी बबनरावांना विचारलं, चार तासांचा हिशोब कसा ठेवता? ते म्हणाले, "पयली एसटी सुटली की एक. दुधाचा टेम्पो येऊन गेला की दुसरी. शाळेची मधली सुट्टी संपली, तिसरी. मुक्कामी गाडी आली की चौथी, आन् झोपताना दोन. आमी काय शिकलेलो न्हाई शेठ. बाईंनी सांगितलं तसं म्या देतो."

मागच्या सीटवर दोघी एकमेकींना मोबाईल नंबर देत होत्या.

आता माझी चूक सांगतो. ती दुसऱ्या कुणी केली नसती, औषधवालाच करू जाणे. काही गोळ्या आम्ही कडक नोंदीशिवाय हातात धरत नाही. कमीत कमी द्यायची, डॉक्टरची सही बघायची, शंका आली तर नाही म्हणायचं. कायदा लागू आहे एवढं मला पक्कं ठाऊक होतं. औषध लागू पडायला काय करावं लागतं, ते मी ऐकून सोडून दिलं. मी गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या. सुनंदानं मागितली की द्यायची, आणि मागितल्यावरही अर्धा तास बघायचं, थांबते का कळ. सगळ्याची नोंद लाल रेघांच्या वहीत, तारीख आणि वेळ घालून. तिचं मागणं कमी कमी होत गेलं. मला वाटलं, दुखणं उतरतंय.

पण ती आडवी होत नव्हती. आणि रोज दुपारी तिचा वेल्ह्याला फोन चालायचा.

आमचं घर दुकानाच्या मागंच आहे. मधल्या दारातून मला तिचा आवाज यायचा, शब्द नाही. ती बोलायची, थांबायची, कधी हसायची. माझ्याशी ती "हो", "नको" आणि "जेवलात का" एवढंच बोलत होती. मी आत गेलो की फोन बंद. माझ्या पोटात दुखायचं, म्हणजे मराठीत ज्याला पोटात दुखणं म्हणतात तेच. पंचवीस वर्षांचा संसार माझा, आणि बोलणं त्या बाईशी? एकदा मी म्हणालोच, "फार जमलंय तुमचं." ती म्हणाली, "हो, जमलंय." नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं मला.

पंधरा दिवसांनी पुन्हा हॉस्पिटल. मी वही आणि गोळ्यांची डबी टेबलावर ठेवली. नव्वदमधल्या एक्केचाळीस उरल्या होत्या. कौतुक होणार याची मला खात्री होती. आमच्या आधी गेलेल्या बबनरावांची डबी रिकामी होती, ते मी दारातून बघून घेतलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली, डबी हलवली आणि सुनंदाकडे बघितलं. "दुखत नव्हतं का?"

सुनंदानं माझ्याकडे बघितलं.

"मग इतक्या उरल्या कशा?"

मी म्हणालो, "मागितली की देत होतो."

"मागितली की?" बाई मला म्हणाल्या. "तुम्ही औषधवाले आहात म्हणून मी एकदा सांगून तुमच्यावर सोडलं. मघाचे ते काका घड्याळही वापरत नाहीत. त्यांच्या बायकोनं पंधरा दिवसांत एकदाही गोळी मागितली नाही, कारण ती मागायच्या आधी मिळते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते त्या दिवशी माझं झालं. बाहेर आलो तर बबनराव थांबले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, "शेठ, राग मानू नगा. वहिनी आमच्या हिला म्हनल्या व्हत्या. गोळी मागितली की ह्यांचं तोंड गिऱ्हाइकाला न्हाई म्हनताना व्हतं तसं व्हतं. म्हनून मागत न्हाई. हिनं सांगितलं वहिनींना, लाजू नगा म्हनून. आमीबी तुमाला सांगायला पायजे व्हतं."

गाडीत माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. तिला दुखत होतं हे वेल्ह्याच्या डोंगरात माहीत होतं आणि पाठीला पाठ लावून असलेल्या माझ्या दुकानात माहीत नव्हतं. मला अपराधी वाटलं म्हणावं, तर त्याच्याही आधी मत्सर वाटला. तिनं ते मला का सांगितलं नाही? घरी आल्यावर मी कपाटाची किल्ली तिच्या उशाशी ठेवली. मोबाईलवर पाच गजर लावले. पहिली गोळी तिला न मागता दिली तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा ग्लास रिकामा केला.

चौथ्या दिवशी दुपारी ती डाव्या कुशीवर झोपली. मी दारात उभा राहून बघत होतो. गिऱ्हाईक दोनदा हाक मारून गेलं.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढंच ऐका. पुण्यासारख्या शहरात मान्यता असलेली संस्था शोधा, तुमच्या डॉक्टरलाच विचारा. गोळ्या जपून ठेवा, कुणाला देऊ नका, उरल्या तर परत करा. तो कायदा आहे आणि तो असायलाच हवा. पण कायदा पाळायचा म्हणून माणूस दुखत ठेवू नका. पोट साफ व्हायचं औषध विसरू नका. आणि त्या डॉक्टरीणबाई मला सुनंदासमोर बोलल्या, त्यांचे मी आभार मानतो.

सुनंदाचे पारूबाईंना फोन चालूच होते. मला ते आवडत नव्हते, आता मी तसं तोंडावर दाखवत नव्हतो इतकंच.

दोन महिन्यांनी हॉस्पिटलच्या बाकावर बबनराव एकटे बसले होते. मांडीवर डबी. पारूबाई आठ दिवसांपूर्वी गेल्या होत्या. ते वेल्ह्याहून नसरापूर, नसरापूरहून पुणे अशी एसटी बदलत दहा गोळ्या परत करायला आले होते. "दुखलं न्हाई तिला," ते म्हणाले. "शेवटपतुर बोलत व्हती." मग सुनंदाला म्हणाले, "तुमचा नंबर हाय तिच्या मोबाईलात. म्या काडला न्हाई."

सुनंदा त्यांच्या शेजारी बसून रडली. मी उभा होतो. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिलं हेच आलं की आता ही दुपारी कुणाशी बोलणार.

त्यानंतर तीन दिवस दुपारी ती मोबाईल नुसता जवळ घेऊन पडून असायची. चौथ्या दिवशी दुकानात गर्दी होती. मधलं दार उघडलं आणि ती चौकट धरून उभी राहिली. गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "अहो, दुखतंय."

मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"पारूबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं," ती म्हणाली. "आता तुम्हालाच सांगावं लागणार."

मला आनंद झाला. एक बाई गेली म्हणून मला मिळालेला हा आनंद, आणि तो चांगला नाही हे मला कळतं. लोकांना थांबायला सांगून मी आत गेलो, जास्तीची गोळी दिली आणि विचारलं, "कुठं दुखतंय?" इतक्या महिन्यांत हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तिनं माझा हात धरला, मागं नेला आणि नेमक्या जागेवर ठेवला.